भाजलेल्या मातीचा कोपरा

या अंकाचे संपादक घरी आले, चहा प्याले आणि उठताना विषय देऊन गेले: अत्यवस्थ रुग्णाची आत्मिक शुश्रूषा. मी त्यांना तोंडावर सांगितलं, असला शब्द मी उभ्या नोकरीत ऐकला नाही. आम्हाला शिकवलं ते ताप, नाडी, श्वास, लघवी आणि शौच. आत्म्याचा तक्ता कुणी खाटेला टांगत नसे. ते म्हणाले, मग तेच लिहा. लिहिते, पण एका अटीवर. मला सेवेची मूर्ती, करुणेची देवी वगैरे म्हणायचं नाही. देवीला पगार नसतो. मला होता आणि तो मी हक्कानं घेत होते.

मी यावलकडची. घरी केळी, कापूस, बैल, सगळं होतं. लग्न झालं, आणि मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं माहेरच्या दारात आणून सोडलं. भावजयांच्या स्वयंपाकघरात जन्म काढायचा नव्हता, म्हणून आबांशी भांडून पुण्याला नर्सिंग शिकायला गेले. शिकून आले ती जळगावातल्या एका धर्मादाय इस्पितळात. तिथे निवृत्त होईपर्यंत राहिले. कपाळावर ठसठशीत कुंकू लावून ड्यूटीवर जात असे. एकदा एका पेशंटच्या आत्यानं नाक मुरडून विचारलं, बाई, हे कुंकू कुणाच्या नावाचं? म्हटलं, माझ्या. त्यानंतर तिनं चार दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही आणि पाचव्या दिवशी मागून घेतलं.

आताच्या वाचकांना एक गोष्ट समजावून सांगायला हवी. हल्ली न्यूमोनियावर गोळ्या आल्या आहेत, इंजेक्शनंही आली आहेत म्हणतात. आमच्या वेळी, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, न्यूमोनियावर औषध असं नव्हतंच. होती ती शुश्रूषा. पाठीला उशा देऊन माणसाला बसतं करायचं, छातीला अळशीचं पोटीस बांधायचं, तोंड पुसायचं, ओठांना ग्लिसरीन लावायचं, चमच्याचमच्यानं पाणी आणि दूध पाजायचं, आणि वाट बघायची. ताप आठवडाभर चढून राहायचा. मग एका दिवशी वळण यायचं. माणूस घामानं निथळायचा, ताप एकदम उतरायचा आणि तो वाचायचा. नाहीतर जायचा. मधला मार्ग नसे. त्या वळणावर त्याच्याजवळ माणूस असणं, एवढंच आमच्या हातात होतं.

आणि नेमकी तिथेच नातेवाइकांची देवाधर्माची गर्दी व्हायची. रेल्वेतले एक निवृत्त ड्रायव्हर आमच्याकडे शेवटचे दिवस मोजत होते. मुलं, सुना, साडू, सगळे खाटेभोवती जमून त्यांच्या कानात रामनामाचा गजर करत होते. म्हाताऱ्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि म्हणाले, "नर्सबाई, यांना जरा थांबवा. मेल आली की नाही ते ऐकू येत नाही." मी सगळ्यांना बाहेर काढलं. थोरला चिरंजीव म्हणाला, तुम्ही माझ्या बापाचा मोक्ष अडवता आहात. म्हटलं, अडवते, तक्रार करा. मेलची शिटी झाली, ती वेळेवर असल्याचं मी सांगितलं, आणि म्हाताऱ्यांनी समाधानानं डोळे मिटले. ते त्यानंतर दोन दिवस जगले. चिरंजिवांनी तक्रार केलीच.

धुळ्याचा एक मोमीन विणकर होता. त्याला पश्चिमेकडे तोंड करून पडायचं होतं. वॉर्डात खाटा एका रांगेत हव्यात असा नियम, म्हणून मी त्याची खाट फिरवली की हेडनर्स सरळ करायची. ती गेली की मी पुन्हा फिरवायची. शेवटी ती कंटाळली. मी कंटाळले नाही. मरणाऱ्या माणसाला काय हवं ते त्यालाच विचारायचं आणि ते होईपर्यंत कुणाचं ऐकायचं नाही, एवढीच माझी आत्मिक शुश्रूषा. संपादकांना ती चालत असेल तर ठीक.

पण खरी लढाई झाली ती भुईवरून.

आपल्याकडे माणसाचा जीव खाटेवर जाऊ देत नाहीत. शेवट जवळ आला की त्याला खाली, सारवलेल्या भुईवर घेतात, तोंडात गंगाजळ आणि तुळशीचं पान घालतात. खाटेवर गेलेल्याला गती नाही असं मानतात. घरी हे सोपं. इस्पितळात लोखंडी खाटा आणि खाली फरशी. त्यामुळे पेशंटचं जास्त झालं की नातेवाईक बैलगाडी जुंपायचे आणि त्याला उचलून घरी न्यायला निघायचे. म्हणजे ज्या दिवशी त्याला हलवायचं नाही, बरोबर त्याच दिवशी त्याला गाडीत घालून खड्ड्याखड्ड्यांतून न्यायचं.

पाळधीचा एक तरणाताठा शेतकरी न्यूमोनियानं आमच्याकडे होता. नाडी चांगली होती. त्याचं वळण मला दिसत होतं. दुपारी त्याचे भाऊ गाडी घेऊन आले. मी गाडीपुढे उभी राहिले. थोरल्यानं हात जोडले.

"अक्का, खाटवर जीव गया तं आत्मा भटकस. आम्हले आडवू नको. त्याले घरनी भुई मियू दे."

मी सांगितलं, तो मरत नाही. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि गाडी हाकली. गिरणेच्या पात्रापाशी तो गेला. धड घरची भुई नाही आणि धड खाट नाही. इस्पितळात राहिला असता तर वाचला असता का? ठामपणे सांगता येत नाही. पण मला अजून वाटतं की वाचला असता, आणि ते आठवलं की आजही माझा संताप होतो.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिले. मोठे डॉक्टर म्हणजे आमच्या इस्पितळाचे प्रमुख. हुशार माणूस, हाताला यश होतं, पण जीभ तिखट. मी म्हटलं, मागच्या व्हरांड्यात मला एक कोपरा सारवून द्या. ज्यांना खाली घ्यायचं ते तिथे घेतील आणि पेशंट माझ्या नजरेखाली राहील.

"हे इस्पितळ आहे, स्मशानाची ओसरी नाही," ते म्हणाले.

"ओसरी नाही म्हणूनच लोक पळतात."

"आणि शेण? शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, ठाऊक आहे ना?"

हे त्यांचं खरं होतं. मी म्हटलं, शेण नको, नुसती माती. ते म्हणाले, मातीतही असतात. मी म्हटलं, मग भाजून घेते.

ते हसले. "भाजा. भाजलेल्या मातीला माझी हरकत नाही." त्यांना वाटलं, बाई चार घटकांत थंड होईल.

मी शेतातली काळी माती आणवली आणि इस्पितळाच्या मुदपाकखान्यात मोठ्या कढईत परतायला घेतली. आचारी महाराज कपाळाला हात लावून म्हणाले, आता हिचं कालवण करायचं का? मी त्यांच्या हातात उलथनं दिलं. माती धूर निघेपर्यंत भाजली, थंड केली, चाळली आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात फरशीवर थापून पाण्यानं सारवली. वर घोंगडी, गादी, आणि आडोशाला पडदा. मोठे डॉक्टर येऊन बुटाच्या टोकानं ती चाचपून गेले. नाही म्हणाले नाहीत म्हणजे हो, असा अर्थ मी लावला.

गावातल्या सुधारक मंडळींनी मात्र हल्ला चढवला. शिकलेली नर्स अंधश्रद्धा पोसते म्हणाले. मी त्यांना एवढंच विचारलं, गादी खाटेवर असली काय आणि मातीवर असली काय, फुप्फुसाला काय कळतं? माणूस माझ्यापाशी राहतो की नाही ते बोला.

मग सारजा आली. एरंडोलच्या बाजूच्या खेड्यातली, विशीतली, पदरात एक मुलगी. दोन्ही फुप्फुसं भरलेली. तिच्याबरोबर सासू आणि सासरा; नवरा मुलीला सांभाळत गावाकडे राहिला होता. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. सासू कडक होती, पण सुनेच्या पायांना तेल चोळत बसायची, आणि मी बघते आहे असं दिसलं की हात मागे घ्यायची. सारजा नानांसमोर कपाळाखालपर्यंत पदर ओढून घ्यायची. तापात बडबडतानासुद्धा नाना आत आले की तिचा हात पदराकडे जायचा.

एके दिवशी सकाळी तिचा श्वास फार वर चढला. नाना गाडी बघायला निघाले. मी त्यांना व्हरांड्यात नेऊन कोपरा दाखवला. म्हटलं, नाना, भुई इथेच आहे. नाना खाली बसले, मातीला हात लावला, नाकाशी धरला. शेतातली माती भाजली तरी शेतातलीच असते. त्यांनी मान हलवली. आम्ही सारजाला गादीसकट खाली घेतलं, पाठीला उशा दिल्या, आणि मी चमचा घेऊन तिच्याजवळ बसले. मला वाटलं, जिंकले.

दुपारी वॉर्डात दुसरा पेशंट ओकत होता म्हणून मी उठून गेले. परत आले तर पडद्याआड रडारड चालली होती. सासूनं सारजाला हिरवं लुगडं पांघरलं होतं, कपाळ कुंकवानं भरलं होतं, खणानारळानं ओटी भरली होती. सवाष्ण जाते तेव्हा हे करतात. तोंडात तुळशीचं पान होतं. सून गेली असा निरोप देऊन नानांनी गावाकडे माणूसही पळवला होता.

"आंग गार पडनं, अक्का," सासू म्हणाली. "आते काय ऱ्हायनं?"

मी हात लावला. अंग गार होतं, ओलंचिंब होतं. मनगट धरलं. नाडी मऊ, पण सरळ चालली होती. श्वास खाली आला होता. हे मरण नव्हतं. हेच ते वळण होतं, ज्याची आठवडाभर मी वाट बघत होते. पण ज्या घरानं माणूस गार पडताना फक्त मरणातच पाहिला आहे, त्याला घामाचं गार आणि मरणाचं गार यांतला फरक कुठून कळणार? त्यात मीच तिला भुईवर घेतलेली. भुईवरची बाई गार पडली, यावरून जो निघायचा तोच अर्थ त्यांनी काढला.

मी बोट घालून तुळशीचं पान बाहेर काढलं. सासू माझ्या अंगावर आली.

"तू कोन शे, तिना तोंडमाईन तुळस काढनारी?"

"नर्स शे," मी तिच्याच बोलीत ओरडले. "गार नही माय, घाम शे. ताप उतरी ऱ्हायना. रडनं बंद कर आन् घोंगडी दे."

तिनं घोंगडी दिली नाही. ती मी स्वतः ओढून घेतली, सारजाचं अंग कोरडं पुसलं, पायांशी गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि कोमट दुधाचा चमचा तिच्या ओठांशी नेला. दूध गिळलं गेलं. दुसरा चमचाही गेला. मग सारजानं डोळे उघडले. अंगावरचं हिरवं लुगडं बघितलं, ओटी बघितली, सासूचा चेहरा बघितला.

"मी मरी गयू का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "दूध पी."

मोठ्या डॉक्टरांनी येऊन छाती तपासली आणि माझ्याकडे बघून फक्त मान डोलावली. त्या माणसाकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ होतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितली नसती. सारजा बसू लागली, भाकरी खाऊ लागली, चालू लागली, आणि तिला न्यायला कुणी येईना. सासू धर्मशाळेतून रोज यायची, पण व्हरांड्याच्या पायरीवर लांब बसायची. पायाला तेल लावणं बंद. शेवटी नाना आले तेव्हा मी त्यांना धरलं.

"गावमा बठ्ठासले सांगी दिधं, अक्का," ते खाली बघून म्हणाले. "सरनसाठी लाकडं बी टाकी दिधात. आते हिले घर लई जावो तं लोक काय म्हनतीन?"

सासू पायरीवरून म्हणाली, "भुईवर लेयेल बाई परत चुलापाशी कशी जाई? घरमा लहान पोर शे."

सारजा खाटेवर बसून ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं. तो चेहरा मला ठाऊक होता. माहेरच्या दारात उभी असताना माझा तसाच झाला असणार. मी एक टाकलेली बाई होते. दुसरी माझ्या डोळ्यांदेखत तयार होऊ देणार नव्हते, आणि तीही माझ्या कोपऱ्यामुळे! त्या दिवशी मला देवाचा, माणसांचा आणि त्या मातीचाही राग आला.

मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तिची छाती स्वच्छ आहे. यापुढचं औषध माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर द्या, मी मध्ये येणार नाही."

मी सासूसमोर जाऊन उभी राहिले.

"माय, तुमचा मुलगा कुठे जन्मला?"

"घरमा."

"खाटेवर?"

"खाटवर कोनी जनमस का? भुईवर."

"त्याला भुईवरून कुणी उचललं?"

"सुईननी."

"मग? भुईवर घेतलेला माणूस मेलेलाच असतो असं कुणी सांगितलं? जन्मलेलाही भुईवरच असतो. तुमची सून भुईवर होती, भुईनं ठेवून घेतली नाही. तिला मी उचललं. म्हणजे मी सुईण. आणि सुईण झाले तर माझा मानपान कुठे आहे?"

हे शास्त्रात आहे का, मला माहीत नाही. मी कुणा भटजीला विचारायला गेले नाही. विचारलं असतं तर त्यांनी प्रायश्चित्त सांगितलं असतं, आणि मला प्रायश्चित्त नको होतं, बाळंतपण हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सारजाला त्याच कोपऱ्यात मातीवर बसवलं. पडदा काढून टाकला, सगळ्या वॉर्डाला दिसू दे म्हटलं. ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, अंग पुसलं, माझं एक जुनं धुवट लुगडं नेसवलं. नव्या बाळाला जुनंच कापड घालतात. मग सासूला हाक मारली आणि म्हटलं, उचला.

सासू उठली. पायरीशी थांबली. सारजा खाली बघत होती. बोलण्यासारखं सगळं माझं बोलून झालं होतं. सासू मातीवर आली. खाली वाकली, सुनेच्या काखांत हात घातले आणि तिला उभी केली. उभी केल्यावर सोडली नाही.

"आता नाव ठेवा," मी म्हटलं. "नव्या बाळाला नाव लागतं."

"नाव कसाले बदलो?" सासू घोगऱ्या आवाजात म्हणाली. "सारजाच ऱ्हाऊ दे. हाक मारानी सवय शे माले."

आणि तिनं सारजाच्या डोक्यावरून पदर ओढला. वॉर्डातल्या बायका रडायला लागल्या. मला रडायला वेळ नव्हता, गाडीत गवत पसरायचं होतं.

गाडीत सासू आधी चढली आणि सारजाला कुशीत घेऊन बसली. नाना बैलांपाशी घुटमळत राहिले. त्यांचं मन अजून गावाच्या वेशीवर अडलं होतं. शेवटी ते सुनेकडे न बघता, बैलांच्या शिंगांकडे बघत म्हणाले, "सारजा, गावमा लोक इचारतीन. त्यासले काय सांगो?"

सासऱ्यासमोर जिनं कधी आवाज काढला नव्हता, त्या पोरीनं पदर मागे सारला. आवाजात अजून ताकद नव्हती, पण सगळ्या आवाराला ऐकू गेलं.

"सांगज्यात, मी मरनूच नव्हतू. घाई तुम्हीच करी."

नानांनी मान खाली घातली आणि बैल हाकले.